ओरडणारा हात

माह्यापाशी माणसाचे हात हायेत. कोपराच्या वरून कापल्यासारखे, लोखंडी कपाटात, एकावर एक रचून ठेवलेले. एकाच्या नखाले नेलपॉलिश बी हाय. पोलिसाले फोन लावाची घाई करू नका. जे लोक खुनाची गोष्ट वाचाले बसले असतीन, त्याईनं आत्ताच उठून चहा मांडावा. आन् नेलपॉलिश आयकून ज्याईले वाटलं असन का आता हा पोट्टा कोण्या पोरीचा हात हातात घेतल्याचं सांगते, त्याईचं अर्धं बरोबर हाय. हात घेतलाच होता. पण पोरगी माही सख्खी लहान बहीण. झाली ना निराशा?

मंग बसा आता. हे हात सिलिकॉनचे हायेत. आतमंदी रबराच्या बारीक नळ्या, त्या म्हणजे शिरा. वरतं सलाईनच्या बाटलीत लाल पाणी भरून टांगाचं, का ते नळ्यातून फिरते. नर्सिंगच्या पोरी त्याच्यावर सुई लावाले शिकतात. नळीत सुई बरोबर गेली का सुईच्या मागच्या डबीत लाल थेंब दिसते. वार्डात त्याले 'रक्त आलं' म्हणतात. हे हात मी बनवतो. म्हणजे चाचा बनवतात, आन् मी त्याच्यात वायरी घालतो आन् तोंड घालतो.

चाचाचं टिनाचं शेड हाय, यवतमाळात. पहिले ते साडीच्या दुकानातले पुतळे बनवत. फायबरचे, गोरेपान, नाक असं का कागद कापावा. तशी बाई आपल्या जिल्ह्यात मी तं कधी पाह्यली नाई. मंग दुकानदार बाहेरून तयार पुतळे मागवाले लागले आन् चाचाचं काम बसलं. तेवढ्यात पानठेल्यासारखे जिकडं तिकडं नर्सिंगचे कॉलेज निघाले. हरेक कॉलेजले मॉडेल पाह्यजेत. निरीक्षणवाले येतात तवा कपाटात दिसले पाह्यजेत. बाळंतपणाचं पोट, इंजेक्शनचा कुल्ला, सलाईनचा हात.

चाचा म्हणाले, "जिंदगीभर पूरी औरत बनाई, अब टुकड़े बनाएंगे. चल बे नकलची, तू वायर जोड."

नकलची म्हणजे मी. पॉलिटेक्निकमंदी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पण कोणी डिप्लोम्यानं वळखत नाई. महागावच्या शाळेत मी हेडमास्तराची नक्कल करत होतो, आन् ते मागं उभे होते. छडी खाल्ली. छडी खाता खाता बी त्याईच्याच आवाजात ओरडलो, म्हणून अजून खाल्ली. एसटीचा कंडक्टर, कापसाच्या मार्केटातला हर्रासवाला, वणीहून कोळसा भरून येणारा ट्रक डायवर जो हिंदीत सुरू करते आन् शिव्या मराठीत देते, सगळे माह्या गळ्यात बसून राह्यतात. नक्कल कराची तं एक कायदा हाय. माणूस पहिले पोटभर आयका लागते. तोंड उघडण्याच्या आधी तो श्वास कुठी घेते, ते पाहा लागते. न आयकता काढलेला आवाज म्हणजे नुसती बोंब.

तं आमचा पहिला हात. असा आज्ञाधारक हात देवानं बी बनवला नसन. शिरा कशा, का नवीन डांबरी रस्ता. डोये मिटून सुई टाकली तरी लाल थेंब येणारच. कॉलेजच्या मॅडम, म्हणजे पोरीईले शिकवणाऱ्या, त्या लय खूश.

"छान आहे हो. सगळ्या मुलींना पहिल्याच वेळी जमलं."

चाचा हसले. मी बी हसलो. पण मले ते पटलं नाई. काहून, ते सांगतो.

माही लहानी. घरात सगळे तिले लहानीच म्हणतात. आमचा बंजाऱ्याचा तांडा महागावच्या पुढं, सडकेपासून आतमंदी. लहानीले थॅलेसेमिया हाय. तिचं रक्त अंगात टिकत नाई, म्हणून दर काही हप्त्यानं दुसऱ्याचं रक्त चढवा लागते. ती चालाले लागली तवापासून हे चालू हाय. याडी, म्हणजे आमची माय, आन् लहानी, दोघी सकाळच्या एसटीनं यवतमाळले येतात, मी स्टँडवर घ्याले जातो, आन् दवाखान्यात जातो. रक्ताची पिशवी आणाचं काम माहं. बायकाईच्या वार्डात माणसाले जाऊ देत नाईत, सोबत एकच बाई चालते. म्हणून सुई लावताना याडी आतमंदी असते आन् मी भाईर बाकड्यावर. 

लहानपणापासून एवढ्या सुया झाल्या का तिच्या हातात शीर उरली नाई. वरून दिसते, पण हात लावला का दोरीसारखी कडक. काही शिरा सुई पाहून बाजूले सरकतात. काही सुई लागल्याबरोबर चपट्या होतात. एकच शीर धडाची होती, डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूची. लहानी तिले लपवून ठेवे. सिस्टर आली का पहिले उजवा हात पुढं करे, मंग पाय, आन् कोणाचंच काही जमलं नाई तवा डावा. मोठ्या डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, हाताच्या शिरा संपल्या का गळ्यापाशी नळी बसवा लागन, त्याच्यासाठी नागपूरले जा लागन. लहानी भेत होती ती त्या गळ्याच्या नळीले. बारावीची परीक्षा द्यायची होती तिले, आन् गळ्यात नळी घेऊन वर्गात बसाचं नव्हतं.

"सगळ्या पोरी पेपर सोडून माह्या गळ्याकडं पाहतीन," म्हणे. "मले नाई पाह्यजे."

तं अशा हातावर शिकणारी पोरगी येणार कुठून? आमच्या आज्ञाधारक हातावर पास होऊन! डांबरी रस्त्यावर गाडी शिकाची आन् पयली सवारी लहानीच्या नाल्यातून काढाची.

मी चाचाले म्हणलं, "चाचा, एक खराब हात बनवू."

"खराब तो अपने-आप बन जाता है बे. उसको बनाना क्या?"

"वैसा नाई. लहानीसारखा. शीर सरकली पाह्यजे, दबली पाह्यजे, कडक लागली पाह्यजे. ज्या पोरीले याच्यावर जमलं, तिले कुठी बी जमन."

चाचानं बिडी विझवली. त्याईले लहानी माहीत होती. रक्त चढून झाल्यावर कधी कधी शेडमंदी येऊन बसे, आन् पुतळ्याईचे टकले डोके पाहून हसे. मंग म्हणाले, "बना. बिकेगा नहीं, लेकिन बना."

दात बसवणारे डॉक्टर माप घ्यासाठी गुलाबी लापशी वापरतात ना, ती घेऊन मी तांड्यावर गेलो. बादलीत ती कालवली, आन् लहानीले म्हणलं, हात टाक.

"थंडं हाय वो भिया!" भिया म्हणजे भाऊ. "किती वेळ?"

"घट्ट होईपर्यंत. हलू नको."

"हे तं तिकडं बी म्हणतात."

याडी चुलीपाशी होती, तिथूनच बोलली, "पोरीचा हात गायब कराचा विचार हाय का रे तुहा?"

"गायब नाई याडी, कॉलेजात पाठवून राह्यलो. परीक्षा न देता हाताची ॲडमिशन झाली."

लहानी हसली. मंग म्हणे, "नखं नीट येऊ दे. आन् नेलपॉलिश लाव बरं त्याले. तिथी तरी चांगला दिसू दे." लापशी घट्ट झाल्यावर तिनं हात वढला, तं फस्सकन् असा आवाज आला का आम्ही तिघंही हसलो. हात निघाला तवा साच्यात तिच्या हातावरच्या सुयाईच्या खुणा बी उमटल्या होत्या. बारीक बारीक. मी त्या बुजवल्या नाई.

तो हात बनवाले मले कितीतरी दिवस लागले, पण बनला असा का चाचानं चष्मा काढून पुसला. वरची कातडी पातळ. तिच्या खाली नरम थर, त्याच्यात नळी मोकळी सोडली, म्हणजे सुईचा धक्का लागला का ती सरकते. एका नळीत पाण्याचा जोर कमी ठेवला, ती दबते. एका नळीले आतून पंक्चरचं सोल्यूशन लावून कडक केली. आन् डाव्या अंगठ्यापाशी एक चांगली. पण ती सापडाले पहिले बोटानं टोहून पाहा लागे, पट्टा बांधून थांबा लागे. घाई केली का गेली.

मॅडमनं टोचून पाह्यलं. नाई जमलं. पुन्हा टोचलं. नाई.

"हा बिघडलाय. नळी सरकते आतली."

"मॅडम, सरकते म्हणूनच तं बनवला. खऱ्या माणसाची बी सरकते."

"खऱ्या माणसाचं सोड रे. निरीक्षणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर मुलगी चुकली, तर कोणाचं नाव जाईल? तुझं?"

माहं कशाले जाईन? माहं नाव कोणाले माहीत होतं?

आता इथी माहं डोकं चाललं. कॉलेजले तमाशा पाह्यजे, तं तमाशा देऊ, आन् तमाशाच्या आड हा हात आतमंदी घुसवू. शिरेच्या बाजूनं आन् खालून मी बारीक तारेच्या जाळीचे दोन थर अंथरले, मधात पातळ रबर. सुई शिरेत गेली तं जाळीले लागत नाई. चुकली, का दोन्ही थराले एकदमच लागते, सुई लोखंडाची, सर्किट पुरं होते, आन् हात बोलते. बोलणारी बाहुली असते ना, तिच्यातली चकती काढून बसवली. आन् आवाज भरले माहे.

पहिला आवाज कापसाच्या मार्केटातल्या एका बुढ्याचा. दुसरा ट्रक डायवरचा. तिसरा आवाज कोणाचा भराचा? हात लहानीचा, तं एक आवाज लहानीचा पाह्यजे, असं मले वाटलं. पण सुई चुकल्यावर लहानी कशी ओरडते, हे मी कधी आयकलंच नव्हतं. मी तं भाईर बाकड्यावर. मंग मी अंदाजानं काढला. लहानपणी विंचू चावला होता तवा ती ओरडली होती, तो सूर घेतला, आन् त्याच्यावर चढवलं, "याडी वो! मेली मी! काढ ना वो सिस्टर!"

चाचानं आयकलं. म्हणाले, "ये तेरी बहन का है?"

"हो."

"उसको सुनाया?"

"नंतर सुनाईन. खूश होईन."

चाचानं चकती बंद करून माह्या हातात देली.

कॉलेजात कार्यक्रम ठेवला. मंडप, नारळ, शाल, सतरंजी. पाहुणे म्हणून कोणीतरी मोठे डॉक्टर आणले होते. मी माह्या हाताजवळ उभा, इस्त्री केलेला शर्ट घालून. मले वाटलं मॅडम एखाद्या पोरीले बोलवतीन, पण पाहुण्याईनंच बाह्या वरतं केल्या.

"द्या इकडं, बघू जमतंय का अजून. खुर्चीवर बसून हात गंजलेत आमचे."

टोचलं. हुकलं. आन् हात बुढ्याच्या आवाजात बोलला, "काहो डाक्टर! हाताले टोचून राह्यले का पोत्याले?"

सारा मंडप उसळला. पोरीईनं तोंडात वढण्या कोंबल्या. डॉक्टर लाल झाले, मंग हसले, आन् पुन्हा टोचलं. पुन्हा हुकलं. ह्या वेळी लहानीचा आवाज आला. "याडी वो! मेली मी!" हसू अजून वाढलं. कोणी तं टाळ्या वाजवल्या. मोबाईल वर झाले. डॉक्टरनं सुई ठेवून देली आन् माह्या पाठीवर थाप मारली. "कमाल आहे यार. आवाज कुणाचा?"

"माहाच सर. सगळे माहे."

मी तिथीच कंडक्टर करून दाखवला, हर्रासवाला करून दाखवला. खोटं कायले बोलू, बरं वाटलं. लोक हसतात तवा मले नेहमीच बरं वाटते.

कार्यक्रम संपला. मॅडमनं मले बाजूले घेतलं. "आवाज एकदम मस्त. तसे अजून हात हवेत, आमच्या दुसऱ्या कॉलेजलाही. फक्त शिरा सरळ कर. पहिल्यासारख्या."

"मॅडम, शिरा सरळ केल्या तं मंग कामाचं काय राह्यलं?"

"आवाज आहे ना! चुकलं की मुलींना लगेच कळतं. तेच तर शिकायचंय."

मी चाचाकडं पाह्यलं. चाचा दोरीनं नारळ बांधून राह्यले होते. शेडवर आल्यावर मी लय आदळआपट केली. हे नाई बनवणार, म्हणलं. चाचानं आयकून घेतलं, आन् मंग म्हणाले, "मत बना. फिर वो दूसरे से लेंगे, सीधी नस का, बिना आवाज का. तेरा हाथ तो वैसे भी अलमारी में ही जाएगा."

बनवले. लहानीच्याच साच्यातून, लहानीच्याच खुणाईचे, पण आतमंदी डांबरी रस्ते. जे पाह्यजे होतं ते समदं काढून टाकलं आन् मस्करी तेवढी ठेवली. निरीक्षणवाले आले, हसले, पसंत करून गेले म्हणे. ओरिजनल हात कपाटात परत आला. नेलपॉलिशवाला तो तोच.

कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत फिरत तांड्यावर बी पोहोचला. पोट्टे घरी आले दाखवाले, मी बी त्या दिवशी तिथीच होतो. "याडी वो! मेली मी!" आलं का सगळे लोळून हसत. याडी बी हसली, पदर लावून. लहानी दारात उभी होती. तिनं पुरा व्हिडिओ पाह्यला. मी म्हणलं, "कसा हाय? तुहाच हाय."

ती म्हणे, "दूध उतू जाऊन राह्यलं," आन् आतमंदी गेली.

दूध खरंच चुलीवर होतं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाई.

पुढच्या वेळी रक्त चढवाले आलो तवा वार्डात नर्सिंगच्या पोरी होत्या. कॉलेजच्या, शिकाऊ, पांढरे नवे कोट. मी बाकड्यावर बसलो. मनात आलं, यातली एखादी आपल्याच हातावर शिकली असन. खरं सांगतो, छाती थोडी फुगली. आतून काहीच आवाज नव्हता. मले वाटलं, वा, पयल्याच झटक्यात जमलेलं दिसते.

मंग याडी भाईर आली. पदराचं टोक दातात. "रे, मोठ्या सिस्टरले पाह्य कुठी हाय. लवकर पाह्य."

मी धावत जाऊन ड्युटीच्या मोठ्या सिस्टरले घेऊन आलो, आन् तिच्या मागं मागं दारापर्यंत गेलो. तिथून दिसलं. लहानीचा डावा हात. मनगट अंगठ्याकडून फुगून आलं होतं, निळं. समोर एक शिकाऊ पोरगी, लहानीपेक्षा वर्ष-दोन वर्षानं मोठी असन, हातात सुई, आन् चेहरा असा का आता रडते.

मोठी सिस्टर कडाडली, "आत किती फिरवलीस सुई? थांबायचं कळत नाही? सूज दिसत नाही?"

"मॅम, ती... ती ओरडलीच नाही." पोरगी अडखळत बोलत होती. "मला वाटलं बरोबर चाललंय. आमच्या हाताला चुकलं की आवाज येतो."

"कोणत्या हाताला?"

"लॅबमधल्या."

मोठ्या सिस्टरनं सुई काढली, कापूस दाबला, आन् पायात शोधाले लागली. लहानी वरतं पाहून राह्यली होती. तोंड बंद. डोयातून पाणी नाई. पंखा फिरून राह्यला होता, आन् ती त्या पंख्याकडं पाहत होती, जसं कोणी एसटीच्या खिडकीतून पाहते.

मी दारातच उभा राह्यलो. मले कोणी हाकललं बी नाई.

पायात लागली शेवटी. रक्त सुरू झालं. वार्डात गर्दी होती, म्हणून तिचा पलंग व्हरांड्यात सरकवला, तिथी मले बसाची परवानगी होती. रक्त संपत आलं तवा याडी चहा आणाले गेली. आम्ही दोघंच. लहानीचा डावा हात छातीवर, बर्फाच्या पिशवीखाली.

मले काही सुचेना का मी नक्कल करतो. मोठ्या सिस्टरचा आवाज काढला, "थांबायचं कळत नाही?" बरोबर काढला होता, अगदी तिच्यासारखा.

"बंद कर," लहानी म्हणे.

"अवो, गंमत..."

"बंद कर म्हणलं ना." तिनं मान माह्याकडं वळवली. "भिया, मी कवा ओरडली होती?"

"काय?"

"तुह्या हातात मी ओरडतो ना? याडी वो, मेली मी. सांग, कवा ओरडली होती? कोणत्या दिवशी? तू होता?"

"मी तं भाईर..."

"तू भाईर होता. मंग कुठून आणला तो आवाज? हेडमास्तराच्या मागं महिनाभर फिरला होता तू, त्याचा खोकला पकडाले. त्या डायवरसंगं वणीपर्यंत जाऊन आला, त्याची शिवी पकडाले. आन् माहा आवाज घरबसल्या काढला? मले एक वेळ इचारलं असतं, का लहाने, सुई चुकली का तू काय करतं? मी सांगितलं असतं, काहीच नाई करत."

"ओरडाचं ना मंग! ओरडली असती तं थांबली असती ती."

तिनं माह्याकडं असं पाह्यलं का मी बाकड्यावरून सरकलो.

"ओरडाचं? तुले माहीत हाय ओरडलं का काय होते? लहान होती तवा ओरडली मी. म्हणे, नाटकं करते. म्हणे, एवढ्या वेळा सुया घेते तरी सवय नाई का. हलली तं म्हणे, तू हलली म्हणून शीर गेली, आता पुन्हा टोचतो. याडीले भाईर काढून देत होते, का तुम्ही असलात की जास्त रडते. मंग याडी भाईर आन् मी एकटी. म्हणून बंद केलं मी. तोंड दाबून पंख्याकडं पाहतो. सगळे म्हणतात, किती शहाणी पोरगी हाय. आन् आज ती पोरगी, तिची काय चूक? ती तं वाट पाहून राह्यली होती का मी कवा ओरडतो. सुई आतमंदी फिरवत होती आन् माह्या तोंडाकडं पाहत होती. तू शिकवलं तिले तसं."

"मी नाई शिकवलं. मॅडमनं शिरा सरळ कराले लावल्या. मी तं खरा हात..."

"शिरा त्याईनं सरळ केल्या. आवाज कोणी घातला?"

व्हरांड्याच्या त्या टोकाले एक म्हातारी पोराले संत्रं सोलून देत होती. मी त्या संत्र्याकडं पाहत राह्यलो.

"तुले लोक हसले पाह्यजेत," लहानी म्हणे. आवाज चढला नव्हता, तसाच सपाट. "हसव ना. बुढ्याले हसव, डायवरले हसव. पूर्ण तांडा हसला त्या दिवशी, याडी बी हसली. मी दारात उभी होती. मले वाटलं, हा एकटा तरी माह्या तोंडाकडं पाहीन. तू म्हणलं, कसा हाय, तुहाच हाय." तिनं बर्फाची पिशवी उचलून मनगट पाह्यलं, आन् परत ठेवली. "ही एक शीर राह्यली होती. आता जा नागपूरले, बसवा गळ्यात नळी. पेपरले तशीच जाईन. कोणी इचारलं तं सांगीन, माह्या भावाची कला हाय."

"लहाने..."

"रडू नको. इथी रडलं का नाटक म्हणतात." तिनं डोये मिटले. मले वाटलं झालं. झालं नव्हतं. "उद्या त्या कॉलेजात जाय. त्या समद्या हातातून मले काढ. मॅडम नाई म्हणतीन तं भांड, तिथी बोंबल, तुले येते ना बोंबलता. लाल दिवा लाव, घंटी लाव, काही बी लाव, नाईतं काहीच लावू नको. चुप हात दे त्याईले. त्याईले तोंडाकडं पाहाले शिकू दे, सूज पाहाले शिकू दे, इचाराले शिकू दे, का बाई, दुखून राह्यलं का. आन् कपाटातल्या त्या हाताच्या नखाची नेलपॉलिश बी काढ. लाज वाटते मले आता."

वरतं रक्ताची पिशवी रिकामी होत आली होती. नळीत शेवटचं थोडं रक्त राह्यलं होतं. ती संपाच्या आधी सिस्टरले सांगा लागते, नाईतं नळीत हवा जाते, आन् पायातली बी शीर हातची जाते. मी पाहतच बसलो होतो. लहानीनं उजव्या हातानं मले कोपरात ढोसलं.

"बसून काय राह्यला दगडासारखा? पिशवी दिसत नाई तुले? जाय, सिस्टरले बोलाव. आन् कोणाचाच आवाज काढू नको तिथी. तुह्या आवाजात बोलाव, असन तुह्यापाशी तं."